आवळीखालचे भोजन आणि पेंचचे अरण्य



कार्तिक शुद्ध नवमी जवळ आली की आवळीभोजनाची आठवण घरोघरी निघते. ज्यांच्या परसात आवळी आहे त्यांच्याकडे निमंत्रणांची चाहूल लागते आणि ज्यांच्याकडे नाही ते कोणाच्या तरी मळ्यात चूल मांडण्याचा बेत करितात. यंदा आपल्या मंडळातील कित्येक कुटुंबांनी अशी इच्छा दर्शविली आहे की, आवळीपूजन व भोजन बोरगावीच उरकून नंतरच्या एका दिवशी सर्वांनी मिळून पेंचच्या संरक्षित अरण्यात वनविहारास जावे. कारखान्याच्या पाळ्या सांभाळणाऱ्या माणसांना आणि परीक्षेच्या ओझ्याखाली वाकलेल्या मुलांना एक दिवस मोकळा वारा मिळावा, ही इच्छा स्वाभाविकच आहे.

या बेताविषयी देवळाच्या ओसरीवर दोन मते ऐकू येतात. काही वडीलधारी मंडळी विचारतात की, काकडा आणि हरिपाठाचे हे दिवस, यांत सहल कसली? तरुण मंडळी तेवढ्याच उत्सुकतेने विचारतात की, वाघ नक्की दिसेल ना? आम्ही वयाने लहान. परंतु पुजाऱ्याच्या घरी जन्मल्यामुळे दोन्ही प्रश्न आमच्याच कानांवर प्रथम आले, म्हणून दोहोंचाही विचार येथे मांडण्याचे धाडस करितो.

वडिलांच्या शंकेचे उत्तर आवळीभोजनातच आहे. वर्षातून एकदा तरी गृहस्थाने घराचे छप्पर सोडून झाडाच्या छायेत बसावे, त्या झाडाला आधी पूजावे आणि मग पान मांडावे, अशी ही आपल्या पूर्वजांची योजना होय. भगवान श्रीकृष्णांनीही सवंगड्यांसह शिदोऱ्या सोडल्या त्या यमुनेकाठच्या वनातच. तेव्हा वनात जाणे हा धर्माबाहेरचा विषय नव्हे. वनात जाऊन आपण काय करितो, यावर मात्र पुष्कळ अवलंबून आहे.

भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. नाथमहाराजांनी याच स्कंधावर विस्तृत टीका लिहून ती सन १५७३ मध्ये काशीक्षेत्री पूर्ण केली आणि हा संवाद मराठी माणसाच्या घरात आणून ठेविला. राजा विचारतो की, आपण कोणाजवळ शिकलात? अवधूत चोवीस गुरू सांगतो. त्यांत एकही शास्त्री-पंडित नाही. पृथ्वी, वायू, आकाश, जल, अजगर, मधमाशी, हत्ती, हरिण, मासा, सर्प, कोळी अशी ती मालिका आहे. अवधूताची पाठशाळा म्हणजे अरण्यच, असे म्हटले तरी चालेल. आणि यांपैकी बहुतेक गुरू आपल्या गावापासून एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या अंतरावर आजही वसलेले आहेत, हे आपण विसरतो.

पेंच हे नाव नदीचे. ही नदी आपल्याच जुन्या छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते, अरण्यामधून वाहत नागपूर जिल्ह्यात उतरते आणि तेथे कन्हानला मिळते. ही कन्हान म्हणजे आपल्या सौंसर तालुक्यातून वाहत जाणारी कन्हानच होय. सन १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर पलीकडे गेले आणि आपण अलीकडे राहिलो. सन २०२३ मध्ये पांढुर्णा हा निराळा जिल्हाही झाला. परंतु कन्हान आणि पेंच यांच्या पाण्याला या हद्दी ठाऊक नाहीत, आणि वाघालाही नाहीत. अरण्याची मात्र कागदोपत्री दोन नावे आहेत. मध्यप्रदेशातील भाग सन १९७७ मध्ये अभयारण्य, सन १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि सन १९९२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. या उद्यानाचे क्षेत्र २९२.८५ चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्रातील भाग सन १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला, त्याचे क्षेत्र २५७.२६ चौरस किलोमीटर असून तो सन १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्पात आला. मधोमध तोतलाडोहचा प्रचंड जलाशय पसरलेला आहे. खाली नवेगाव खैरीच्या धरणावरून नागपूर शहराला पिण्याचे पाणी जाते. नागपुरात ज्यांची लेक दिलेली आहे किंवा मुलगा नोकरीस आहे, त्यांच्या घरचा माठ याच अरण्यातून वाहून आलेल्या पाण्याने भरतो.

वनाची समृद्धी किती म्हणून सांगावी! साग, ऐन, धावडा, बिजा, तेंदू, मोह, पळस, बेल आणि आवळी. कुलूचे झाड तर असे की उन्हाळ्यात पाने झडून गेल्यावर त्याची पांढरी शुभ्र साल चांदण्यात चमकते आणि नवख्याला भुताचा भास होतो. चितळांचे कळप, सांबर, नीलगाय, चौशिंगा, गवा, अस्वल, रानकुत्री, बिबट आणि वाघ. पक्ष्यांच्या जाती दोनशेंहून अधिक आहेत. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी मागे सरते, उघड्या पडलेल्या जमिनीवर हिरवे गवत उगवते आणि सारे रान सुकलेले असताना चितळांना तेथे चारा मिळतो. अवधूताने आकाशालाही गुरू केले आहे; तर सन २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पेंचला भारतातील पहिले गडद आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली. आसपासच्या गावांतील रस्त्यांवरच्या दिव्यांचा उजेड खाली जमिनीवरच पडावा अशी व्यवस्था करण्यात आली, तेव्हा तारे दिसू लागले. आपल्या बोरगावी रात्रभर जळणाऱ्या दिव्यांखाली वाढणाऱ्या कित्येक मुलांनी आकाशगंगा पाहिलेलीच नाही, हे या ओघात आठवते.

आता मूळ विषयाकडे वळू. आवळीची आपण पूजा करितो, परंतु अरण्यातली आवळी कोण लावते? परसातली आपल्या आजोबांनी लावली असेल. वनातल्या आवळीला माळी नाही. तेथे काय घडते ते पाहण्यासारखे आहे. वानर आवळीवर चढतात, काही फळे खातात, काही अर्धवट चावून टाकतात आणि पुष्कळशी फांद्या हलवून खाली पाडतात. वानर हा मोठा नासाडखोर जेवणारा, असे कोणी म्हणेल. परंतु त्याच्या या पसाऱ्यावर खाली चितळांची पंगत बसते. चितळ आवळा गिळते, दूर जाऊन सावलीत निवांत रवंथ करू लागते आणि आतली कठीण आठोळी तेथेच तोंडावाटे टाकून देते. त्या नव्या जागी पुढे पाऊस पडतो आणि आवळीचे रोप उगवते. शास्त्रज्ञांनी आपल्या देशातील अरण्यांत हे निरीक्षण करून ठेविलेले आहे.

इतकेच नव्हे. वानर उंचावर बसतो, त्याची दृष्टी लांब पोहोचते. चितळ जमिनीवर, त्याचे नाक आणि कान तिखट. वाघ किंवा बिबट जवळ येताच वानर खाकरतो आणि चितळे सावध होतात. चितळाने आधी हाक दिली तर वानर सावध होतो. भोजन आणि रक्षण अशा दोन्ही बाबतींत हे शेजारी एकमेकांना धरून आहेत. आवळीभोजन म्हणून आपण वर्षातून एक दिवस जे करितो ते वानर आणि चितळ अरण्यात हंगामभर करीत असतात, आणि त्यातूनच पुढची आवळी उभी राहते.

आणि नेमक्या याच ठिकाणी आपल्या भक्तीचा अडथळा येतो.

आपला सारा मुलूख हनुमंताचा. जवळच जामसावळीला पहुडलेल्या मारुतिरायाच्या दर्शनास शनिवारी-मंगळवारी केवढी गर्दी लोटते, ते सर्वांना ठाऊक आहे. साहजिकच वाटेत वानर दिसला की भाविकाचा हात पिशवीकडे जातो. केळी, फुटाणे, बिस्किटे, क्वचित पेढादेखील! गाडी थांबते, काच खाली होते, मुले टाळ्या पिटतात, माउली हात जोडते. पुण्य पदरी पडले, अशा समाधानाने गाडी पुढे निघते. नागपूरहून शिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ पेंचच्या अरण्यातून जातो. त्या महामार्गावर आणि वनातून जाणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर हे दृश्य नित्याचे झाले आहे.

वाचकहो, या पुण्याचा हिशेब एकदा नीट मांडून पाहू या. काळ्या तोंडाचा वानर हा पाला खाणारा जीव. त्याचे पोट अनेक कप्प्यांचे असून पाला आत आंबवून पचविण्यासाठी घडलेले आहे. गोड बिस्किटे आणि तळलेले जिन्नस यांसाठी नव्हे. परंतु जिभेला गोडी लागली की तो पाला सोडून रस्त्यावर येऊन बसतो. रस्त्यावर बसलेल्या वानराला मागून येणाऱ्या मालमोटारीचा वेग कळत नाही, विशेषतः पोटाशी पिलू धरलेल्या मादीला. जे वाचतात ते हळूहळू धीट होतात, हातातील पिशव्या ओढतात, लेकरांना ओरबाडतात. मग तीच माणसे, ज्यांनी काल हात जोडले होते, काठी घेऊन धावतात. आणि तिकडे अरण्यात? आवळे झाडावरच राहतात. चितळांची पंगत मोडते. उंचावरून खाकरणारा पहारेकरी महामार्गाच्या कठड्यावर केळ्याची वाट पाहत बसलेला असतो.

अवधूताने माशाला गुरू केले ते जिभेच्या लोभाचा परिणाम दाखविण्यासाठी. गळाला लावलेल्या आमिषापायी मासा प्राणाला मुकतो. हा दृष्टांत आपण कीर्तनात पुष्कळ वेळा ऐकला आणि प्रत्येक वेळी स्वतःला मासा समजून मान डोलावली. वाटेवरच्या वानराच्या बाबतीत मात्र मासा तो आहे. मग गळ टाकणारा कोण?

हे शब्द कठोर वाटतील. ज्या माउलीने श्रद्धेने केळे दिले तिच्या अंतःकरणाविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. तिची श्रद्धा खरीच आहे. फक्त ती चुकीच्या जागी वाढली जात आहे. एखाद्या मधुमेही पाहुण्याच्या पानात आग्रहाने जिलब्यांची चळत घालावी, तसे हे वाढणे होते. संरक्षित वनांत प्राण्यांना खाऊ घालण्यास मनाई आहे. ती मनाई एखाद्या नास्तिक कारकुनाने देवाधर्माच्या विरोधात काढली असावी, असे बोलणारे भेटतात, म्हणून हे विस्ताराने लिहिले.

स्वतः हनुमंताचे आचरण कसे होते, ते आठवावे. लक्ष्मणासह सारी वानरसेना मूर्च्छित पडली तेव्हा औषधी ओळखू येईनात म्हणून मारुतिरायांनी अवघे पर्वतशिखर उचलून आणिले, हे लहान मुलासही ठाऊक आहे. चित्रांतून आपण तेवढेच पाहतो. परंतु वाल्मीकींनी युद्धकांडात पुढेही सांगितले आहे: वीरांना प्राण परत मिळाल्यावर हनुमंत ते शिखर पुन्हा उचलून हिमालयात, ज्या जागचे त्या जागी ठेवून आले. रणभूमीची घाई होती, युद्ध अजून संपलेले नव्हते, पर्वत तेथेच राहिला असता तर कोणी जाब विचारला नसता. तरीही ते परत गेले. आमचे तीर्थरूप पुराण सांगताना या प्रसंगी क्षणभर थांबतात. का थांबतात, ते आम्हांला पेंचविषयी वाचू लागल्यावर उमगले.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पेंचच्या जलाशयात मासेमारी करण्याचे ३०५ परवाने आदिवासी कुटुंबांना दिले गेले होते. ही कुटुंबे पूर्वी उद्यानाच्या हद्दीत राहणारी, तेथून उठविलेली. त्या परवान्यांविरुद्ध तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि सन १९९७ मध्ये न्यायालयाने परवाने कायम ठेवून काही अटी घातल्या. परवान्यावर छायाचित्र असावे, ठरलेल्या वाटेनेच यावे-जावे, उद्यानाच्या अन्य भागांत शिरू नये, काठावर स्वयंपाकासाठीदेखील विस्तव पेटवू नये, पाण्यात किंवा काठावर कचरा व प्लास्टिकच्या पिशव्या टाकू नयेत. ज्यांच्या पूर्वजांची चूल त्या रानात पेटत होती त्यांना तेथे चूल पेटविण्यास बंदी! वाचताना मन विषण्ण होते. अरण्य राखण्यासाठी ज्यांनी घर सोडले, ते या अटींनी बांधले जातात. आणि आपण, ज्यांनी काहीच सोडलेले नाही, सुटीच्या दिवशी वेफर्सचे रिकामे पुडे खिडकीतून भिरकावतो. मोहफुलांच्या दिवसांत पहाटेच टोपली घेऊन रानाच्या कडेला जाणाऱ्या बाईला वाघाचे खरे भय असते. आपण वाघ पाहण्यास जातो ते गाडीत बसून. या वनविहाराची किंमत आपल्या तिकिटापेक्षा मोठी आहे आणि ती दुसऱ्या कोणी तरी आधीच भरून ठेविलेली आहे.

आता तरुणांचा प्रश्न: वाघ नक्की दिसेल ना? दिसेल किंवा न दिसेल. पंढरीस गेलेला वारकरी कळसाचे दर्शन घेऊन परततो आणि वारी फुकट गेली असे म्हणत नाही. वाघासाठी वाहनचालकास घाई करणे, एका गाडीने दुसरीला अडविणे, वाघीण पिलांसह रस्ता ओलांडताना आरडाओरडा करणे, हे वनविहारात मुळीच बसत नाही. पेंचमध्ये एक वाघीण होती, कॉलरवाली या नावाने साऱ्या देशात प्रसिद्ध. सन २००८ मध्ये तिच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधला गेला म्हणून हे नाव पडले. आठ वेतांत २९ बछडे तिने जन्मास घातले आणि १५ जानेवारी २०२२ रोजी देह ठेविला. तिला रीतसर अग्नी देण्यात आला, चितेवर फुले वाहिली गेली, आणि तो अग्नी स्थानिक आदिवासी स्त्रीच्या हातून दिला गेला. गोंड बांधव वाघदेवाला शेंदूर लावतात आणि त्याच्या रानाची वाट जपून चालतात. आपण शहरी-निमशहरी माणसे वाघाचे छायाचित्र भिंतीवर लावतो आणि त्याच्या वाटेवर भरधाव गाडी हाकतो. महामार्गाचे रुंदीकरण झाले तेव्हा त्याच अरण्यातील महाराष्ट्राच्या टापूत रस्ता उचलून खालून प्राण्यांना जाण्यासाठी नऊ वाटा ठेवाव्या लागल्या. त्यांतील सर्वांत लांब ७५० मीटरांची आहे, आणि वाघांसह अनेक प्राणी त्या वाटांनी जातात, हे तेथे बसविलेल्या कॅमेऱ्यांनी टिपले आहे. माणसाने मनावर घेतले तर वाट सोडता येते, एवढे त्यावरून दिसते.

वडीलधाऱ्यांना आवडेल अशी एक गोष्ट राहिलीच. या अरण्याच्या गाभ्याची दारे १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतात. पावसात वाटा चिखलाने भरतात आणि वनाला विसावा हवा असतो. आपले संन्यासी चातुर्मासात एके ठिकाणी राहतात, ते पायाखाली जीवजंतू तुडविले जाऊ नयेत म्हणून. शासकीय नियम आणि संन्याशाचा नियम येथे किती जवळ आले आहेत! आश्विन सरून कार्तिक लागतो तोवर ती दारे उघडलेली असतात, म्हणून आवळीभोजनानंतरचा मुहूर्त आम्हांस सर्व दृष्टींनी योग्य वाटतो. आपल्या बाजूने जामतऱ्याचे प्रवेशद्वार छिंदवाडा जिल्ह्यातच आहे. नागपूरकडून जाणाऱ्यांना खवासा-तुरिया किंवा सिल्लारी सोयीचे. परवाने आधी काढावे लागतात आणि गाड्यांची संख्या ठरलेली असते, तेव्हा ज्यांना यावयाचे आहे त्यांनी नावे वेळेवर द्यावीत. आयत्या वेळी आलेल्यांना द्वारावरून परतावे लागते आणि त्याचा राग मंडळावर निघतो!

पहाटेच निघावे लागेल. मातकट, हिरवी किंवा तपकिरी वस्त्रे असावीत; भगवी टोपी आणि जरीकाठ त्या दिवशी पेटीत राहू द्यावे. अत्तर लावू नये. ध्वनिक्षेपक आणि गाण्यांचे यंत्र नेऊ नये, भजनाचेसुद्धा नव्हे. हरिनाम मनात घेतले तर ते हरीला ऐकू येते, आणि बाहेर शांतता असली तर वानराचे खाकरणे आपल्यालाही ऐकू येते. जेवण वनाबाहेर, ठरलेल्या जागी होईल आणि उष्टे-खरकटे पिशवीत बांधून बोरगावीच परत येईल. मुलांना मोगलीची कथा ठाऊक असते, ती याच शिवनीच्या टेकड्यांत घडली असे कथाकाराने सन १८९४ मध्ये लिहिले. ती वाटेत जाताना सांगावी. परतताना मात्र अवधूताचे कोणकोणते गुरू दिसले, ते त्यांना विचारावे. मधमाशी पाहिली असेल तर मधमाशी, कोळ्याचे जाळे पाहिले असेल तर कोळी.

राहता राहिली केळी आणि फुटाणे. वानरासाठी म्हणून ज्यांनी काही काढून ठेविले असेल, त्यांनी संकोच न करता निघण्याच्या पहाटे देवळात घेऊन यावे. ओसरीवर एक मोठी टोपली ठेविलेली असेल. ते सारे मारुतिरायांसमोर नैवेद्य म्हणून ठेवू, आणि सायंकाळी गाड्या परत आल्यावर, जी मुले या खेपेस येऊ शकली नाहीत त्यांच्यात वाटून टाकू.